मेलेल्या घोड्याचा ठराव

तीर्थरूप गहिनीनाथमामांना छबूचा वाकून नमस्कार. (खरं तर वाकाय जागा न्हाई, दोन्हीकडून म्हशी हायत. मनातल्या मनात वाकले.) तुमची कंबर कशी हाय? वाचनालयातल्या उंच फळीवर तुमी सोता चढत जाऊ नका. इकडं पाटोद्याच्या जनावरांच्या छावणीत समदे खुशाल. म्हशीला रोज पंधरा किलो चारा भेटतो, आजीला चहा भेटतो, अन् मला दुधाच्या गाडीतून तुमी धाडलेले ‘धूम्रगडाचे वारस’ भेटतात. तीन भाग वाचून तुमाला परत धाडले बी.

मामा, ह्याच पाकिटात दुसरं पत्र हाय, दूध सोसायटीचा शिक्का मारलेलं, पुस्तकाच्या लेखकाला. ते टपालात टाकायच्या आदी माझं वाचा. ते गेलं तर माझं वाचन सुटलंच म्हणून समजा.

मी सातवीत शाळा का सोडली ते तुमाला ठावं हाय. मास्तर ‘छबू, उठ’ म्हणले की तोंडातून शब्द निघायचा न्हाई. अन् आता चारावाटप झालं की साठ माणसं माझ्या आवाजाला कान लावून बसतात! मी म्हशीकडं तोंड करून वाचते, माणसांकडं पाठ. (म्हैस मधीमधी पान चाटती, तेवढं माफ करा.)

तर दुसऱ्या भागात युवराजाचा पंखाचा घोडा दरीत पडून मेला. समदे हळहळले. आपले चाँदभाई, कडबाकुट्टीचं मशीन दुरुस्त करणारे, त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. अन् तिसरा भाग उघडला तर पहिल्याच पानावर युवराज त्याच घोड्यावरून उतरला!

मंग जे पेटलं मामा! आमच्या शेजारच्या दावणीचे सटवाबापू उठले, म्हणले, “मेलेल्या जनावराचा पंचनामा झाला का? कानातला बिल्ला काढला का? मंग ते परत चारा खायला आलं कसं?” चाँदभाई म्हणले, “दुसरा घोडा असंल बे, रंग तोच.” बापू म्हणले, “अन् पंख? तुज्या गॅरेजात भेटतात का पंख?” दुसऱ्या दिवशी मेलावाले जित्तावाल्यांना तंबाखूला चुना देईनात. चाऱ्याच्या हिशोबात पंखाचा घोडा मोठं जनावर धरायचं का लहान, ह्याच्यात एक अख्खा दिवस गेला. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी मोहनराव उभं राहिले, म्हणले, “सभागृहात बे म्हणायचं न्हाई.” आजी म्हणली, “कुठंय सभागृह? शेडनेट हाय हे.” तरी ठराव झालाच. घोडा मयत असल्याने त्याने तिसऱ्या भागात चालू नये, लेखकाने खुलासा करावा. सूचक सटवाबापू, अनुमोदक चाँदभाई. (चाँदभाई विरोधात होते, पण कागदावर नाव येतंय म्हणल्यावर तयार झाले.) खाली बावीस सह्या अन् अठरा अंगठे.

आता खरं सांगते. लेखकाची चूक न्हाई. घोडा जित्ता होतो, दुसऱ्या भागाच्या शेवटी, पान एक्याण्णव ते शहाण्णव. पण कसा, तर राजकन्या रडती, अन् युवराज तिचा... मामा, लिवाय बी येईना. मुका घेतो. गालाचा न्हाई. तवा तिचं आसू घोड्याच्या पंखावर पडतं. अन् मागं बसलेत आजी, बापू, मोहनराव! मी सहाच्या सहा पानं एकदम उलटली. तिन्ही भागात असंच केलंय. अंगठी कुठं गेली, चेटकीण एकदम का रुसली, हे समदे खड्डे माझ्याच हातचे.

लेखक खुलाशात पानाचा नंबर लिवल, मोहनराव भर सभेत वाचतील. घोडा तरी उठला, मी उठायची न्हाई.

तुमची लाजरी भाची,
छबू

ता. क. – ठरावाचं पत्र टाकू नका. लेखकाच्या नावानं तुमीच दोन ओळी लिवा, की वैद्यानं पाला लावला अन् घोडा उठला. (कोणता पाला ते बी लिवा. बापू त्यांच्या गाईसाठी इचारणारच.)

ता. क. दुसरा – थांबा मामा! आजीनं आत्ता बाजूला घेतलं. म्हणली, “छबे, सहा पानांना एकदाच थुका लावतीस, मला दिसत न्हाई व्हय?” पण बायांचा येगळाच ठराव झालाय. पाण्याचा टँकर आला की आता बायांऐवजी गडी रांगेत उभं राहतील, अन् तवर सोडलेली पानं मी बायांना वाचायची. सूचक आजी, अनुमोदक चाँदभाईची आई अजमतबी. तवा लेखकाला पत्र टाका न्हाईतर फाडा, पण तिन्ही भाग परत धाडा. मंगळवारच्याच गाडीत. मंगळवारी टँकरची रांग लई लांब असती.