तिसगावात मी कायम झाले

३ नोव्हें., सोम. नगर
दवाखान्याच्या लॅबमध्ये पायाच्या जखमेतल्या पूची प्लेट. हिरवट वाढ, तो द्राक्षासारखा गोडसर वास. झाकण काढायच्या आधीच जंतू ओळखला. दिवस बरा. आठवड्यातून दोनदा सह्या करायला येणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या कामाला, कायम माणूस घेतायत, तुझं नाव पुढं दिलंय. नाव दिलंय, एवढंच. मी बावळट, लगेच पप्पांना फोन.

१६ नोव्हें., रवि. तिसगाव
चर्चात कापणीचा सण. कुणी बाजरी, कुणी भोपळे, आमची कोंबडी. लिलावाच्या आधी पप्पा उभे राहिले, टोपी हातात धरून. "माझी लेक नगरच्या मोठ्या दवाखान्यात कायम झाली. प्रभूची कृपा." टाळ्या.
ऑर्डर कुठाय पप्पा? पण मंडळीसमोर बापाला खोटं कसं पाडू? मान खाली घालून बसले. आत्या आयुष्यभर नर्स होती, मलाही नर्सिंगलाच घालायला निघालेली. ती येऊन गळ्यात पडली. "मीच चुकले गं." पाळक म्हणाले, तीस तारखेच्या उपासनेत साक्ष दे, प्रभूनं तुझं कसं भलं केलं ते सगळ्यांना सांग. हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

१९ नोव्हें., बुध.
मॅनेजरने बोलावलं. तपासणी येतेय, प्रत्येकाची डिग्री दाखवायचीय. सही करायला एम.डी. लागतो, टेक्निशियनला डीएमएलटी, लॅबचा डिप्लोमा. आपली साध्या कॉलेजातली एमएस्सी मायक्रोबायोलॉजी कशातच बसेना. मेडिकल कॉलेजातली एमएस्सी असती तर काही बघितलं असतं, म्हणाला. ती वेगळी असते हे ॲडमिशनच्या वेळी कुणी सांगितलं? ना सरांनी, ना कुणी. मायक्रो म्हणजे मायक्रो, असं धरून फर्स्ट क्लास काढला.
महिनाअखेरपर्यंत या, पुढं नको, म्हणाला. मॅडम शेजारीच, खाली बघून सह्या करत होत्या. त्यांचा राग नाही. आहे. थोडा.

२१ नोव्हें., शुक्र.
पाळकीणबाईंना ताप, लघवीला जळजळ. एसटीच्या कंडक्टरबरोबर नमुना धाडला, औषधाच्या जुन्या बाटलीत. टोपण उघडलं तर फिनेलचा भपकारा. आत काय वाढणार, कपाळ! तसाच लावला असता तर 'जंतू नाहीत' असा रिपोर्ट गेला असता आणि रविवारी त्याचीही उपकारस्तुती झाली असती.
फोन केला. बाटली इथूनच देते, धुवायची नाही, म्हटलं.
"धुवायची न्हाई? आगं, कायम झालेल्या पोरीकडं आसली घान बाटली कशी धाडू?"
हसले खूप. मग डोळ्यांत पाणी.

२६ नोव्हें., बुध.
डीएमएलटीची चौकशी. बारावीनंतरच्या पोरींबरोबर पुन्हा पहिल्यापासून. एमएस्सीची काही सवलत? नाही म्हणे. मैत्रीण म्हणते पुण्यात कंपनीत ये, पाणी तपासायचं काम आहे. पाण्याला ताप येत नाही, पाणी घाबरून हात धरत नाही. मला दवाखानाच हवा होता. तोच...
संध्याकाळी पप्पांचा फोन. साक्षीत काय बोलणार, लिहून ठेव म्हणे. आज सांगणारच होते. सणातली कोंबडी कुणी घेतली, तेच ते सांगत बसले. खूश होते. राहिलं.

२९ नोव्हें., शनि. तिसगाव
दवाखान्यातला शेवटचा दिवस. पाळकीणबाई स्वतःच आल्या, तापानं लाल. नमुना नीट घेतला, प्लेट लावली, नाव घातलं. उद्या वाढ दिसेल. कोण वाचेल माहीत नाही. काउंटरवर बजावून आलेय, रिपोर्ट फोनवर कळवा. कळवतील का?
जाताना हात धरून म्हणाल्या, "तू हायेस तिथं, म्हनून भ्या वाटत न्हाई."
हो बाई, म्हटलं. ॲप्रन पिशवीत कोंबला आणि संध्याकाळची एसटी धरली.
पप्पा स्टँडवर उभे. पिशवी घेतली माझ्या हातातून, ॲप्रन वरच होता. धुवायला आणला व्हय, म्हणाले.
घरी आल्यावर त्यांचा सदरा इस्त्री करून ठेवलेला दिसला. जेवताना म्हणाले, "उद्या जोरात बोल. मागं बसलेल्यांनापन ऐकू गेलं पायजे."
बरं म्हणाले.
पाळकीणबाई पहिल्याच बाकावर बसतात.