आतली नोंद

आप्पा, दौंडच्या रेल्वे यार्डात आता वॅगनचे नंबर कॉम्प्युटरवर येतात म्हणे. तुम्ही असता तर विश्वास ठेवला नसता; कानावर पेन्सिल खोचून मालगाडीच्या कडेनं खडीवरून चालत गेला असता आणि एकेक नंबर स्वतः टिपला असता. मीही मोजण्याच्याच नोकरीत आहे. शिरूरकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. गावोगावच्या ऑफिसांतून उसाच्या नोंदी एक्सएमएल फायलींत येतात. त्यात प्रत्येक माहिती दोन खुणांच्या मध्ये बंद असते, आणि तिच्या आत आणखी एखादी, डब्यात डबी असावी तशी. जावा भाषेत लिहिलेला आमचा प्रोग्राम त्या खुणा वाचतो आणि एकेका शेतकऱ्याला कारखान्याच्या तक्त्यात नेऊन बसवतो. शेवटी फायलीत आलेले आणि तक्त्यात बसलेले मोजायचे. दोन्ही जुळले पाहिजेत.

यंदा जुळेनात. निमोणे गावच्या फायलीत शेतकरी जास्त, तक्त्यात कमी. शोधल्यावर कळलं, की तिथे घरातल्या विधवेच्या जमिनीचा तुकडा थोरल्या दिराच्या नोंदीच्या आत लिहायची पद्धत आहे. मोजताना प्रोग्राम आतल्या बायकाही धरत होता. बसवताना फक्त बाहेरचे पुरुष घेत होता. शेतकी अधिकारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, बाहेरचे तेवढे मोजा की. लगेच जुळतंय."

मला तुमचा पूल आठवला. मी शाळेत आहे, स्टेशनच्या पुलावर उभी राहून खालची मालगाडी मोजते आहे. घरी येऊन आकडा सांगते आणि तुमचं ताट तसंच राहतं. "गार्डाचा डबा धरलास व्हय? त्यात माल असतो का? मोजायच्या आधी काय मोजायचं ते ठरव, मग तोंड उघड." आई चुलीपाशून म्हणते, "पोरीला जेवू तरी द्या." तुम्ही म्हणता, "जेवंल. आधी चूक कळू दे."

तर मी ठरवलं. जिच्या नावावर जमीन, ती शेतकरी. आतली प्रत्येक बाई बाहेर काढून मी स्वतंत्र बसवली. तिची तोडणीची चिठ्ठी वेगळी, उसाचं बिल तिच्या खात्यावर. आकडे जुळले. मी खूश होते, हे लपवत नाही.

हंगाम निम्मा सरला आणि निमोण्याची एक बाई ऑफिसात आली. चप्पल दाराबाहेर काढून उभीच राहिली.

"बाई, माझं नाव तुम्हीच येगळं काढलं का?"

"हो. शेत तुमचं आहे."

"शेत माझं हाय, व्हय. पर तोडणीची टोळी भावजींच्या वळखीनं येती. त्यांचा ऊस तुटला, माझा बांधापलीकडं उभा हाय. म्हनत्यात, आता हापिसातल्या बाईलाच बोलव कोयता घिऊन."

"नोंद बरोबर आहे," मी म्हणाले.

"नोंद बरोबरच हाय हो. तुरं आल्यात उसाला, वजान घटाया लागलंय."

मी शेतकी अधिकाऱ्यांकडे गेले. "तेवढ्या तुकड्यासाठी टोळी कोण उतरवणार, मॅडम? तुमच्या प्रोग्रामला सांगा तोडायला," ते म्हणाले आणि हसले. परत आले तर ती तशीच उभी होती. "मला व्हती तिथं घाला," म्हणाली. मी तिला खात्याचं, बिलाचं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "समजलं, बाई. पर आधी ऊस जाऊ द्या."

मी तिचं नाव परत आत घातलं. त्याच आठवड्यात टोळी तिच्या शेतात गेली, ऊस तुटला, बिल दिराच्या खात्यावर जमा झालं. त्यातलं तिला काय मिळालं ते मला ठाऊक नाही. विचारायची सोय माझ्या प्रोग्रामात नाही आणि निमोण्याला जायचा धीर मला अजून झालेला नाही. मात्र आकडे जुळते राहावेत म्हणून तिच्यासाठी प्रोग्राममध्ये एक वेगळी ओळ लिहावी लागली, आतल्या या नावाला मोजू नकोस अशी. ती ओळ मी रोज बघते.

हे टपालात टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी गार्डाचा डबा मी चुकून धरला नव्हता. त्यात माल नसतो हे मला माहीत होतं. गाडीच्या शेवटी तो माणूस एकटा झेंडा धरून उभा होता, म्हणून मी तो मोजला. तुमचं ताट निवत होतं आणि तुम्ही रागावला होतात. तेव्हा बोलले नाही.