आपली पिशवीवाली

सुरत, ९ फेब्रुवारी १९९७

आयेच्या पायांवर शकूचं डोकं.

मी इथे बरी हाय. छोटी चालायला लागली. फोनवर तुला काय ऐकू येत नाय, म्हणून पत्र लिहिते. अक्षर मोठं काढलंय, तूच सावकाश वाच.

आये, शनिवारच्या मालिकेतली आपली पिशवीवाली परवा वारली गो. तिचं खरं नाव तुला कधी ऐकूच आलं नाय, म्हणून तू ठेवलेलंच लिहिते. ही बातमी कुणी तुझ्या कानाशी ओरडून सांगू नये, म्हणून घाई केली.

गुडघा कसा हाय? धरमतरच्या मिठागरावर अजून अनवाणीच जातेस ना?

मी लय रडले. हे म्हणाले, नटीच तर होती, तुझी कोण लागत होती? त्यांना काय सांगू? बाकी कुणी विनोद केला, की तू आमची तोंडं बघून मागाहून हसायचीस. ती मात्र नुसती पिशवी सावरत दारात उभी राहिली, की अख्ख्या घरात पहिली तू हसायचीस, आणि तुला बघून आम्ही.

तुझी,
शकू