फुकायला चूल हाय की

चाकूर, शुक्रवार, सांजच्याला. येळवस, शेतातली अवसेची पूजा, होऊन चार दिवस झाले.

आज माझ्या नातीनं, रेवतीनं, बासरीवर एक सूर न तोडता लांब धरला. लई आनंद झाला, आन तरी जीव आंबून गेलाय. का, तेच लिहून बघते.

ऐतवारी क्लासचे सर म्हणले, पोरीचा दम पुरत न्हाई, नाद सोडा. पोरगी रडत घरी आली. मी तिच्या हातात चुलीची फुंकणी दिली. म्हणलं, गाल फुगवू नको, बेंबीपासून वारा काढ, इतका सावकाश की निखारा फुलला पाहिजे पण राख उडाली न्हाई पाहिजे. रोज राखच खाल्ली तिनं. आज जमलं.

तिचा बाप हासून म्हणला, "आई, तू कवा झालीस गं बासरीची मास्तरीण?" मी बी हासले. ल्योकाला काय सांगू? बारा वर्सांची होते, गुराख्याचा पावा तोंडाला लावला, पहिल्याच फुकीला सूर निघाला. अप्पांनी, माझ्या बापानं, गुडघ्यावर मोडला. म्हणले, "पोरीच्या जातीला फुकायला चूल हाय की." मग पन्नास वर्सं तीच फुकली, राख न उडवता. अप्पा कवाच गेले. आता राग कुणाचा धरू?

रेवती म्हणली, "आजे, तू वाजव ना." दार लोटून घेतलं आन लावली तोंडाला. पुढचे दात न्हाईत, समदा वारा बाजूनं निसटला. पोरगी वाट बघून राहिली होती. म्हणलं, मला गं कुठं येतंय, आन बासरी पदरानं पुसून तिला दिली.