सुंभाचे घट्टे

केज, मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय तात्या,

आधी माफी मागतो. तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं आणि मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. इतकंच काय, रोजनिशीतसुद्धा तुमचं नाव टाळत आलो. शाई संपली, कचेरीत कामं फार, अशी कारणं स्वतःला देत राहिलो. खरं कारण एवढंच की तुमच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. अजूनही सुचत नाही. पण आज करीम आला आणि त्यानं असा सवाल विचारला, ज्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे होतं.

करीम सडकेच्या कामावर होता. दगडाच्या गाडीचं चाक पायावरून गेलं तेव्हापासून त्याला सरकारातून वजीफा मिळतो. उद्या त्याची सालाची हाजिरी आहे. तहसीलदारांपुढे उभं राहायचं आणि आपल्याच्यानं काम होत नाही हे दाखवून द्यायचं. पण हा पोरगा बाजारात कापसाच्या गोण्या शिवायला लागलाय, तात्या! बसून करायचं काम. दाभणानं त्याच्या अंगठ्याची आणि बोटांची चाळण झाली आहे. कचेरीच्या पडवीत त्यानं तो हात माझ्यापुढे धरला.

"पेशकारसाहेब, ही बोटं उद्या कुठं लपवू?"

मी म्हटलं, "लपवायची कशाला?"

"वडगावच्या आंधळ्या तात्याचं समद्या बाजाराला ठावं हाय, साहेब. तुमी लिवलं आन् त्यांचं बंद झालं."

मी हातातला टाक खाली ठेवला. तो घाईनं म्हणाला, "मला काम करायचंच हाय. बसून खाणं नक्को वाटतं. पण ह्या पायाचा भरवसा न्हाई. काम सुटलं तर वजीफा परत सुरू व्हतो का?"

"नाही होत."

मग त्यानं हळूच विचारलं, "तात्या मागून खूश होते का नाराज? तेवढं सांगा."

काय सांगू? तुम्हीच सांगा ना!

सगळं पहिल्यापासून मांडून बघतो. बारा वर्षं तुम्ही मोजणीखात्याची साखळी ओढलीत. त्या पगारातून मला हैदराबादेला कॉलेजात ठेवलंत. वडील नसल्याचं जाणवू दिलं नाहीत. मग एका उन्हाळ्यात हद्दीच्या दगडांना लावायला चुना विरघळवताना उकळती चुनकळी तुमच्या डोळ्यांत उडाली. डोळे गेले. वजीफा सुरू झाला. काकू म्हणाली, "बसा आता घरी." तुम्ही जेमतेम एक पावसाळा बसलात!

मग सुंभ आणलात आणि बाजा विणायला लागलात. आंधळा माणूस पट्टी सरळ कशी ओढतो म्हणून वडगावचे लोक बघायला यायचे. "आरं, पाच कोस शेतं मोजली मी, हे तर चार हात लाकूड हाय," असं तुम्ही त्यांना सुनवायचात. दोरी मोजताना तोंडानं साखळ्याच मोजायचात. माझी बाज तुम्हीच विणलेली. तिची पायथ्याची दोरी आता ढिली झाली आहे. मी ओढून पाहिली, एका बाजूला जास्त ओढली गेली. वाकडीच राहिली आहे. राहू दिली.

काकूची एक रीत होती. हाजिरीला महिना उरला की तुमचं विणकाम बंद करायची आणि रोज तुमच्या तळहातांना करडीचं तेल चोळायची, घट्टे मऊ पडावेत म्हणून. वजीफेवाल्या सगळ्या घरांत हेच चालतं. साल भरत आलं की कामाच्या खुणा पुसायच्या आणि हाजिरी झाली की पुन्हा कामाला लागायचं. मला हे माहीत होतं. दोन वर्षं मी त्याकडे डोळेझाक केली. हेही कबूल करतो.

तिसऱ्या वर्षी तुम्ही तेल लावू दिलं नाहीत. का? काकूला तुम्ही नुसतं म्हणालात, "ह्या साली न्हाई चोळायचं." कचेरीत तहसीलदारांनी मला, त्यांचे कागद लिहिणाऱ्या पेशकाराला, हात बघायला सांगितलं. मी पुढं होण्याआधीच तुम्ही दोन्ही तळवे वर केलेत. पिवळे, कडक घट्टे! "बघ, विनू," म्हणालात आणि हसलात.

ते हसणं कसलं होतं, तात्या? लिहून टाक, असं होतं? की बघू हा काय करतो, असं? त्या दिवसाची रोजनिशी आज पुन्हा काढून पाहिली. तिथं लिहिलं आहे, 'ऊन कडक. दुपारी डोकं दुखलं.' बस! स्वतःच्या डोकेदुखीची नोंद केली आणि तुमच्या हसण्याची केली नाही.

अहवालात मी लिहिलं की इसमाच्या तळहाताला सुंभाचे घट्टे आहेत, तो बाजा उत्तम विणतो. पुढं लिहिलं की याला सरकारी दवाखान्याच्या बाजांचं काम द्यावं आणि त्याचा जम बसेपर्यंत वजीफा चालू ठेवावा. मला वाटलं, मी तुमची वकिली करतो आहे. फार अभिमान वाटला होता त्या मसुद्याचा. कचेरीची भाषा उर्दू, तीही माझी त्या दिवशी झकास उतरली होती! तुमचा अंगठा घेतला आणि म्हणालो, "चांगलं लिहिलंय, तात्या." काय लिहिलंय ते मात्र वाचून दाखवलं नाही.

वरच्या कचेरीतून हुकूम आला, इसम कामास लायक, सबब वजीफा बंद. माझ्या दुसऱ्या वाक्याचा कुठं उल्लेखच नव्हता. दवाखान्याच्या बाजा दुसरीकडूनच आल्या.

हुकूम सांगायला मी वडगावला आलो तेव्हा तुम्ही विणत होतात. हात थांबला नाही.

"म्हंजे आता मी आंधळा न्हाई म्हणा की!"

मी रडवेला झालो. तुम्हीच मला हसवायला लागलात. "काकूला सांग, सरकारनं डोळे परत दिले. आता तिनं नीट नटून राहावं!" काकू चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "विनायकराव, तुमचं खरं आमच्या चुलीवर शिजत न्हाई." इतकी वर्षं मला विनू म्हणणारी काकू त्या दिवशी विनायकराव म्हणाली.

मग तुम्ही हळू आवाजात एकच विचारलंत, "लग्नसराईत ठीक हाय. आखाडात बाज कोण घेतं रे?"

पुढची दोन वर्षं मी पाहिली. उन्हाळ्यात तुमच्या अंगणात लोक ताटकळत बसायचे आणि तुम्ही पाटलालासुद्धा "थांब बे, तुझा नंबर न्हाई आला" म्हणायचात. इतके ताठ बसलेले तुम्ही मला वजीफ्याच्या दिवसांत कधी दिसला नव्हतात. आणि आषाढ-श्रावणात तुम्ही काकूचं ताट आधी वाढायला लावायचात आणि स्वतः म्हणायचात, भूक न्हाई. मी ज्वारी पाठवली तर परत आली. यातलं खरं कुठलं धरू? दोन्ही खरीच होती ना?

तुमच्या दहाव्याला काकू म्हणाली, "ते तुमच्यावर कधी रागावले न्हाईत." मी सुटकेचा निःश्वास सोडला. महिन्यानं गेलो तर तीच काकू म्हणाली, "त्यानं मला कावून इचारलं न्हाई, असं ते लई दिवस घोकत व्हते." एकच बाई, एकाच ओट्यावर बसून बोललेली! मी काकूला पुन्हा विचारलं नाही. भीती वाटली, ती तिसरंच काही सांगेल.

तात्या, मी खोटं लिहायला हवं होतं का? की खरं लिहून वर स्वतः जाऊन भांडायला हवं होतं? की तो अहवाल तुमच्यासाठी नव्हताच, माझ्या मनाच्या स्वच्छतेसाठी होता? मग ती स्वच्छता तुमच्या ताटातून का घेतली मी? आणि घट्टे लपवण्यात तुम्हाला लाज वाटत असेल, तर ती लाज मी दूर केली की नाही? फिरून फिरून तिथंच येतो. उत्तर सापडत नाही.

सापडली ती एकच गोष्ट. तुम्ही हात पुढे केलात आणि मी तो वाचला. तुम्हाला विचारलं नाही.

करीमच्या सवालाला मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, "मला माहीत नाही." तो म्हणाला, "मग तुमी बी आमच्यासारकेच की, साहेब." आणि कुबडी टेकत निघून गेला.

मी एक मसुदा केला आहे. वजीफा बंद न करता वर्षभर तहकूब ठेवावा, काम सुटल्यास पुन्हा सुरू करावा, अशी करीमच्या नावची अर्जी. या वेळी मागणी पहिल्या ओळीत आहे आणि बोटांचा उल्लेख अजून कुठंच नाही. वर काय होईल, ठाऊक नाही. आणि करीम म्हणाला, "लिवू नका", तर बोटांची जागा कोरी ठेवून माझ्या हातून अहवाल जाईल का, तेही ठाऊक नाही. पण तुम्हाला शब्द देतो. कुणाच्या हातावरची खूण यापुढं त्याला विचारल्यावाचून आणि त्याच्या बोलीत वाचून दाखवल्यावाचून कागदावर येणार नाही, मग ती कितीही खरी असो.

तुम्हाला हे पुरेल का? हसाल तुम्ही. या वेळी कसं हसाल, ते कळायला हवं होतं.

तुमचा,
विनू

उद्या: तहसीलदार यायच्या आधी करीमला पडवीत बसवून मसुदा वाचून दाखवणं. अंगठा त्यानंतर.