गाळून पाठवलेलं पाणी

१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. (नमस्कार वाकून, भांडण उभ्यानं.)

पोचले. फोन केला असता, पण तीस वर्षं पंपघरात काढून तुमचे कान गेलेत. फोनवर तुम्ही नुसतं काय-काय करता, मग आई मधे पडते आणि माझं अर्धं बोलणं तीच ठरवते. म्हणून पत्र. वकिलातीची थैली दर आठवड्याला आपल्याकडे जाते, तिच्यात टाकते.

गाव नदीकाठचं, नऊ हजार वस्तीचं. आपल्या सरकारनं ह्यांना दोन पंप भेट दिलेत. ते बसवायचे, आठ दिवस चालवून बघायचे आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मी सही करायची. चोवीस मार्चला आपले मंत्री येऊन बटण दाबणार. पंप अजून बंदरात अडकलेत, पाटी मात्र विमानानं आधीच आली. संगमरवरी आहे, दोघांना उचलत नाही. दोन्ही देशांचे झेंडे आणि मैत्रीबद्दल चार ओळी. पंप तासाला किती पाणी देणार, ते काही त्यात नाही.

वकिलातीतले साहेब मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की एका मोठ्या जागतिक मंडळात आपल्याला खुर्ची हवी आहे, मतदान एप्रिलात आहे आणि ह्या देशाचं मत तळ्यात-मळ्यात आहे. एवढी वर्षं आपण घेत होतो, आता द्यायला लागलो, ह्याचा त्यांना अभिमान वाटतो. खरं सांगू, मलाही वाटतो.

पाटीला दर्शनी भिंत मोकळी हवी, म्हणून तिथला जुना पंप काढायचाय. तो चालवणारी बाई पन्नाशीची आहे. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक बेअरिंगला आणि दुसरं कानाला लावून ऐकते. तुमची बहीण शोभेल, म्हणून मी तिला आत्या म्हणते.

पत्र पाठवा, आळस करू नका. माया आहेच, तिला जरा शाई लागू द्या.

तुमची,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. (पुरवून वापर, परदेशात लवकर संपतात.)

पत्र मिळालं. आईनं आधी वाचलं आणि मग मला दिलं, ह्या घरात टपालाचाही मान ठरलेला आहे. मधे पडते असं लिहिलंयस म्हणून ती दोन तास गाल फुगवून बसली होती. तिचा निरोप असा की जेवणाच्या वेळा पाळ आणि वाकून वजन उचलू नकोस. कंबर एकदा गेली की परत येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक!

आपण घेत होतो तेव्हा मी घेणाऱ्यांच्या रांगेत उभा होतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आमची गत होती. ते पुन्हा केव्हातरी.

तुला एकच सांगतो. कागद बाजूला ठेव. नदीचं पाणी काचेच्या बाटलीत भर, रात्रभर खिडकीत ठेव आणि सकाळी बघ. आणि नव्या पंपानं त्या नदीच्या एका पुराचं गढूळ पाणी पचवल्याशिवाय जुन्याला हात लावू देऊ नकोस.

शहाणी आहेसच, पण जपून राहा.

तुझा,
बाबा


९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाटली ठेवली होती. सकाळी तळाशी दोन बोटं वाळू. आठ दिवस चालवून पंप उघडला, तर इंपेलरच्या, म्हणजे आतल्या पात्यांच्या चाकाच्या, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्यात आणि सील गळतंय. पंप फार तर चार महिने टिकतील. आधी गाळ बसायला टाकी हवी, ती योजनेतच नाही.

का नाही, ते फाईलमध्ये सापडलं. दोन वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयानं ह्यांच्याकडून पाण्याचा नमुना मागवला होता. आला तो इतका स्वच्छ, की पंप त्याच हिशेबानं निवडले. मी आत्याला विचारलं. दुभाष्यानं प्रश्न पुरा करायच्या आत तिचा चेहरा फुलला. नमुना तिनंच पाठवला होता. दोन दिवस निवळत ठेवला, चार पदरी फडक्यातून गाळला, उकळला आणि नवी बाटली आणून तिच्यात भरला. परक्या देशात गढूळ पाणी पाठवलं तर लोक काय म्हणतील, असं तिला वाटलं. बाबा, मला आधी हसू आलं. मग मी कुरतडलेला इंपेलर तिच्या हातात दिला. ती कडांवरून बोट फिरवत राहिली.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की टाकीचं पुढच्या वर्षी बघू, तारीख हलणार नाही, सही करून टाका. अगदीच लिहायचं असेल तर नमुना त्यांच्या बाईनं खोटा पाठवला असं लिहा, म्हणजे आपल्याकडे बोट येणार नाही. तसं लिहिलं तर आत्याची नोकरी गेली. सही केली तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी जुना पंप उचलणार, आणि चार महिन्यांनी नऊ हजार माणसं नदीवर हंडे घेऊन. सही नाही केली तर मला परत बोलावतील आणि पुढे कुठल्या तरी कपाटामागं टेबल देतील. बारा वर्षं घासून इथवर आलेय.

तुम्ही काय केलं असतंत? टोलवू नका, नीट लिहा.

तुमची,
भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी काय केलं असतं असं विचारतेस. मी काय केलं ते लिहितो.

तू दोन वर्षांची होतीस. आपल्या पंपघराला एका परदेशानं पंप भेट दिला. त्यांचा इंजिनिअर भला माणूस होता. दुभाष्यामार्फत त्यानं मला तीनदा विचारलं, काही खोट आहे का. खोट होती. बेअरिंगचा आवाज मला पहिल्या मिनिटाला खटकला होता. पण शेजारी उभे असलेले आमचे साहेब माझ्या पायावर पाय देत होते. पण नुसत्या त्यांच्या पायाला दोष देत नाही. मलाही वाटलं, इतक्या लांबून माणूस देणगी घेऊन आला, त्याला नाव काय ठेवायचं. धर्माची गाय आणि दात का गं नाय! चालू स्थितीत मिळाला, असं लिहून मी सही केली.

जुना पंप त्याच आठवड्यात भंगारात गेला. नवा चाळीस दिवसांत बंद पडला. सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा होता, त्याला एकोणीस महिने लागले. तोवर टँकर. आपण तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी दिवसभर बंद पंपापाशी बसलेलो, आणि तुझी आई एका कडेवर तू, दुसऱ्या हातात बादली, अशी जिने चढायची. तिची कंबर तेव्हा गेली. सगळं गाव त्या परदेशी माणसाला शिव्या द्यायचं. तीही द्यायची. मी मान डोलवायचो.

हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. हिंमत झाली नाही.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. जे करशील त्यानंतरही मी तुझा बापच आहे, एवढं धरून चाल.

बाबा


२५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यावर समोर बसून बोलू, इथे नुसती बातमी देते.

दाखल्यावर सही केली नाही. वेगळा शेरा लिहिला आणि एक प्रत इथल्या पाणी खात्यात स्वतः नेऊन दिली. पंप ह्या पाण्याला चालणार नाहीत, टाकी हवी, तोवर जुना पंप हलवू नये. नमुना घ्यायला आपल्याच माणसानं नदीवर यायला हवं होतं, कोणीही आलं नाही, असंही लिहिलं. ते खरंच आहे. साहेब चिडले नाहीत. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझं परतीचं तिकीट काढायला सांगितलं.

दाखला नाही म्हणून कंत्राटदार जुन्या पंपाला हात लावेना. शेवटी त्याच्यावर फुलांच्या माळांचा पडदा सोडला. काल मंत्र्यांनी बटण दाबलं. नवा पंप दोनदा हुंकारला आणि सील फुटून गप्प झाला. मंत्री बटणावर बोट ठेवून तसेच हसत उभे. तेवढ्यात पडद्यामागं आत्यानं जुना सुरू केला. मिनिटभरात नळाला पाणी आलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, झेंडे हलले.

संध्याकाळी साहेब येऊन म्हणाले की मत पक्कं झाल्यात जमा आहे, सगळं गोड झालं, आता सही करायला काय हरकत आहे. मी नाही म्हटलं. जुना पंप निघायला त्या एका सहीचीच खोटी आहे.

तीन तारखेला निघते. खात्यानं लेखी खुलासा मागवलाय. भीती वाटतेय बाबा, खोटं कशाला बोलू. आईला ह्यातलं किती सांगायचं, ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
भिंगरी


२९ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद घरी आल्यावर देईन, हातात हात घेऊन.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. फोनवर बोलले असते, पण ह्यांना ऐकू येत नसलं तरी तोंडाकडे बघून सगळं ओळखतात.

ह्यांनी चौदा तारखेचं पत्र मला टाकायला दिलं, ते पाकीट न चिकटवता. हा माणूस एरवी इतका डिंक लावतो की उघडताना आतला कागद फाटावा. मी वाचलं. मग माझ्या हातानं चिकटवून टाकलं आणि ह्यांना काही बोलले नाही. अजून दोन दिवस घाबरू दे.

पण तुला सांगते, मला ते तेव्हाच कळलं होतं. पंप बंद पडला त्याच आठवड्यात ह्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात त्या कागदाची नक्कल, खाली ह्यांची सही. हे घरी आले की मी त्या परक्याला शिव्या द्यायचे, त्या ह्यांना ऐकू जाव्यात म्हणूनच. वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. एकतीस वर्षं लागली, आणि तीही तुला लिहायच्या निमित्तानं. राग यायचा गं. फार यायचा.

खुलासा लिही, खरं ते लिही. कपाटामागचं टेबल मिळालं तर तिथं बस, डबा मी देईन. मात्र बाबांपेक्षा मोठं काही केलंस असं मनात आणू नकोस. तुला विचारायला बाप होता, ह्यांना कोणी नव्हतं.

आणि भीती कसली धरतेस? सही केली असतीस तरी तुला घरात घेतलंच असतं. ह्यांना घेतलं की.

तुझी,
आई