पिवळ्या झग्यावरचे नाव

मी, काचेवर चित्रे रंगवणारी, वय एकाहत्तर. हात थरथरतात, डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणाची भीड नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी.

राहते घर वहिनीला. माझे आजारपण तिनेच काढले. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, तिथे राहू द्यायचे की नाही हे तिने ठरवावे.

कुंचले व रंग भाचीला. तिने ध्यानात ठेवावे: निळा आईचा, लाल रक्ताचा, हिरवा आशेचा. पिवळा जपून वापरावा. संताच्या डोक्यामागचे तेज पिवळे, आणि येशूला धरून देणाऱ्या शिष्याचा झगाही पिवळाच.

आता भट्टी. चर्चमधल्या शेवटच्या भोजनाच्या खिडकीतले तेराही चेहरे मी दोन वर्षे खपून रंगवले. भावाने काचा कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवल्या. काम संपत आले तसा एक दिवस तो म्हणाला, "ताई, पाद्रीसाहेबांना सांगून आलोय, चित्रं माझी आहेत. खाली माझं नाव घाल. त्या पिवळ्या तुकड्यावर घाल, अक्षरं उठून दिसतील."

"आणि मी?"

"तुझं काय नि माझं काय, आडनाव एकच ना?"

आडनाव एकच, तर मग खाली त्याचे पहिले नाव कशाला हवे? आई गेल्यावर ज्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, त्यानेच केसाने गळा कापला. अजून जळते.

त्याला शिसे कळते, रंग कळत नाहीत. तो तुकडा दगाबाजाच्या झग्याचा होता. मी कुंचला उचलला. वळणदार अक्षरांत नाव लिहून दिले.

काचेवरचा रंग भट्टीत भाजला तरच टिकतो. चेहरे मी भाजले. नाव न भाजता, नुसत्या डिंकात कालवलेल्या रंगावर ठेवले. एकतीस वर्षे ती खिडकी मीच धुते आणि तेवढा तुकडा कोरडा सोडते. का, ते विचारू नये. धाकटा आहे तो.

भट्टी भावाला मिळावी, पण एका अटीवर. ती सगळी खिडकी त्याने एकदा स्वतःच्या हाताने, ओल्या फडक्याने धुवावी. पिवळा तुकडा वगळू नये. न धुतल्यास भट्टी भाचीची. फडके घडी करून भट्टीवर ठेवले आहे.

साक्षीदार: चर्चचा झाडूवाला, शेजारची शिंपीण. दोघांनी मजकूर ऐकून माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: माझी कार्यशाळा. तारीख: नऊ मार्च.

सही माझी, पक्क्या शाईत.